घारापुरीचा पंचवक्त्र सदाशिव

महाशिवरात्रीचे पर्व समीप आले की भाविक मंडळी आम्हांस हटकून विचारतात, ‘बुवा, घारापुरीच्या मूर्ती तर भंगलेल्या, तेथे जाऊन दर्शनाचे पुण्य लाभेल काय?’ शंका श्रद्धेपोटी आलेली आहे. तिचे निरसन झालेच पाहिजे.

मुंबईच्या अपोलो बंदरावरून निघालेली लाँच सुमारे तासाभरात या बेटास लागते. महानगरीचा कोलाहल मागे राहतो. शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर सहाव्या शतकाच्या सुमारास डोंगराच्या पोटात कोरलेले मुख्य लेणे दृष्टीस पडते. डोळे अंधारास सरावले की दक्षिणेकडील भिंतीतून सुमारे अठरा फूट उंचीची ती त्रिमुख मूर्ती हळूहळू प्रकट होते.

हे ब्रह्मा, विष्णू व महेश होत, अशी समजूत लोकांत रूढ आहे. वस्तुतः हा एकटा सदाशिव आहे. सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष व ईशान ही शिवाची पाच मुखे. आपल्या डावीकडे सर्प धारण करणारा उग्र अघोर, उजवीकडे कमळ घेतलेला कोमल वामदेव आणि मध्ये डोळे मिटलेला शांत तत्पुरुष. चौथे मुख मागे खडकात लीन, तर पाचवे ऊर्ध्व, म्हणून अदृश्य. संहार आणि करुणा ही दोन्ही ज्या एका शांतीतून उगम पावतात, तिचे हे दर्शन होय. शेजारी अर्धनारीश्वर व गंगाधर. पलीकडे शिवपार्वतीविवाह, अंधकवध, कैलास हलविणारा रावण. आम्हां कीर्तनकारांस तर ही पाषाणात मांडलेली आख्यानेच वाटतात.

१५३४ साली बेट पोर्तुगीजांकडे गेले. त्यांच्या अमलात या शिल्पांची पुष्कळ हानी झाली. परंतु भग्न मूर्तीचा निषेध सांगितला आहे तो प्रतिष्ठा करून नित्य पूजिल्या जाणाऱ्या मूर्तीविषयी. भिंतींवरील शिल्पे चिंतनासाठी आहेत. पूजेचे मुख्य स्थान म्हणजे चार द्वारांच्या गर्भगृहातील शिवलिंग, आणि ते आजही तेथे उभे आहे. हात तुटला म्हणून अनुग्रह तुटत नाही.

मात्र एक पथ्य पाळावे. ही लेणी संरक्षित आहेत. १९८७ पासून ती जागतिक वारसा म्हणून गणली जातात. शिल्पांस तेल, कुंकू लावू नये, हात लावू नये. जी झीज काळाने केली तीत भक्तीने भर घालू नये. शास्त्राने मानसपूजा श्रेष्ठ मानली आहे. तिला ना नारळ लागतो, ना दुधाची धार. सोमवारी, म्हणजे नेमके शिवाच्याच वारी, लेणी बंद असतात, हेही ध्यानी ठेवून बेत आखावा.

मुलाबाळांसह अवश्य जावे. सहल तर घडेलच. पण घटकाभर त्या मिटल्या नेत्रांसमोर मौन धरून बसावे. तेवढ्याने यात्रा सुफळ झाली असे समजावे.