भिंतीपलीकडचा रुग्ण : बंदिवान आप्ताला औषधोपचार कसे मिळवून द्यावेत?

घरातील माणूस अटकेत गेला की त्या घरावर एकाच वेळी अनेक संकटे कोसळतात. वकील कोण द्यायचा, पैसा कोठून उभा करायचा, शेजारीपाजारी काय म्हणतील, रविवारी मिस्साला कोणत्या तोंडाने जायचे, अशा प्रश्नांच्या गर्दीत एक प्रश्न मागे पडतो : त्याच्या रोजच्या गोळ्यांचे काय? हडपसरमधील एखाद्या मधुमेही गृहस्थाची कल्पना करू या. त्याचे केसपेपर घरच्या कपाटात, इन्सुलिन फ्रिजमध्ये, त्याची प्रकृती जाणणारा डॉक्टर गाडीतळाजवळच्या दवाखान्यात. आणि तो स्वतः मात्र नदीपलीकडे, येरवड्याच्या दगडी भिंतीआड. हडपसरहून येरवडा तसे दूर नाही. परंतु कपाटातील तो केसपेपर कारागृहातील डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोहोचणे ही सोपी गोष्ट नव्हे. तो कसा पोहोचवावा, हे सांगण्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत.

एक गोष्ट प्रथम स्पष्ट केली पाहिजे. कैदी आजारी पडला तर त्याच्यावर उपचार करणे हा शासनाचा उपकार नाही, ते त्याचे कर्तव्य आहे. मोकळा माणूस डॉक्टर बदलू शकतो, दुकानातून गोळी आणू शकतो. बंदिवानाला यांतील काहीच करता येत नाही. म्हणूनच ज्याने त्याला कोंडले, त्याच्यावरच त्याच्या प्रकृतीची जबाबदारी येते. भारतीय राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने दिलेला जीविताचा अधिकार कारागृहाच्या दारापाशी संपत नाही. शिवाय, आपल्या देशातील कारागृहांत २०२२ च्या अखेरीस असलेल्या बंदिवानांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे दोष सिद्ध न झालेले होते. कित्येकांची पुढे निर्दोष सुटका होते. परंतु तोवर गेलेली दृष्टी, निकामी झालेले मूत्रपिंड किंवा गेलेला प्राण कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

फादर स्टॅन स्वामी यांचा धडा

या विषयावर लिहिताना येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात जानेवारी २०१८ मध्ये नोंदलेल्या एल्गार परिषद प्रकरणात त्यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे अटक झाली आणि नवी मुंबईच्या तळोजा मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले. त्यांचे वय तेव्हा ८३ होते आणि त्यांना कंपवात होता. हात थरथरत असल्याने पेला ओठांपर्यंत नेणे त्यांना जमत नसे. नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांच्या वतीने ६ नोव्हेंबरला न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि त्यावर म्हणणे मांडण्यासाठी तपास यंत्रणेने २० दिवसांची मुदत मागून घेतली. पाणी पिण्याच्या साधनाची ही कथा!

२१ मे २०२१ रोजी ते दूरदृश्य यंत्रणेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे बोलले. तळोजाला आलो तेव्हा मी स्वतः चालत होतो, स्वतः आंघोळ करीत होतो, थोडेफार लिहीत होतो. आता एकेक शक्ती जात चालली असून जेवण भरवायलाही दुसऱ्याचा हात लागतो, अशा आशयाचे त्यांचे निवेदन होते. २८ मे रोजी न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्याची अनुमती दिली. तेथे त्यांना कोरोनाची लागण झाल्याचे आढळले. ५ जुलै २०२१ रोजी, त्यांच्या जामिनाची सुनावणी त्याच न्यायालयात चालू व्हायची असताना, त्यांनी देह ठेवल्याचे डॉक्टरांनी न्यायाधीशांना कळविले. त्यांचे वय ८४ होते आणि खटल्याला प्रारंभही झालेला नव्हता.

या प्रकरणाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. परंतु आजारी बंदिवानाच्या आप्तांसाठी त्यात दोन धडे आहेत. पहिला असा की, उपचार मिळण्याच्या वाटेवर वेळ हाच सर्वांत मोठा शत्रू असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून हालचाल केली पाहिजे. दुसरा असा की, ‘तो फार आजारी आहे’ एवढ्या वाक्याने काही सिद्ध होत नाही. पूर्वी काय जमत होते आणि आता काय जमत नाही, हे फादरांनी सांगितले तसे नेमके सांगावे लागते.

त्याच प्रकरणातील तेलुगू कवी वरवरा राव यांची हकिकत थोडी आशादायक आहे. ते तळोजात अंथरुणाला खिळल्यावर त्यांच्या पत्नी हेमलता यांनी, उपचारांअभावी पतीच्या जीविताच्या अधिकाराचा भंग होत आहे, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात केली. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाने त्यांना नानावटी रुग्णालयात हलविण्यास सांगितले, २२ फेब्रुवारी २०२१ रोजी वैद्यकीय कारणासाठी सहा महिन्यांचा जामीन दिला आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. जामिनाच्या अत्यंत कडक तरतुदी असलेल्या खटल्यातही एका पत्नीच्या याचिकेने हे घडू शकले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पहिले काही दिवस

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३ व्या कलमानुसार अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. त्या अहवालाची प्रत तिला, किंवा ती ज्याचे नाव सांगेल त्याला, मिळाली पाहिजे. म्हणून अटकेतील माणसाने तपासणीच्या वेळीच आपला आजार, चालू गोळ्या आणि अंगावरील इजा डॉक्टरांना स्पष्ट सांगाव्यात. कुटुंबाने त्याच दिवशी जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या व तपासण्यांचे अहवाल यांच्या छायाप्रती काढून वकिलांकडे द्याव्यात. मूळ कागद कधीही हातचे सोडू नयेत.

२४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात. ही संधी फार मोलाची असते. ‘यांना अमुक आजार असून तमुक औषध दररोज द्यावे’ असा उल्लेख आदेशात व्हावा, अशी विनंती वकिलांनी तेथेच करावी. न्यायालयाचा असा आदेश बरोबर गेला की कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्यालाही त्याचा आधार मिळतो. वकील परवडत नसेल तर खचून जाऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावरही मदत मागता येते.

कारागृहात गेल्यानंतर

कारागृहात दाखल होताना पुन्हा तपासणी होते. पुढे प्रकृती बिघडली तर बंदिवानाने पहाऱ्यावरील कर्मचाऱ्याला सांगावे, त्याने ते वरिष्ठांना कळवावे आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासावे, ही पद्धत १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून चालत आली आहे. मुलाखतीला गेल्यावर नातेवाइकांनी केवळ रडून परत येऊ नये. वजन घटले आहे काय, पायांवर सूज आहे काय, बोलताना धाप लागते काय, कोणती गोळी किती दिवस मिळालेली नाही, हे नीट विचारून घरी येताच तारखेसह वहीत लिहावे. हीच वही पुढे न्यायालयात बोलते.

त्यानंतर कारागृह अधीक्षकांच्या नावे साधा, सभ्य भाषेतील अर्ज करावा. त्यात बंदिवानाचे नाव, खटल्याचा क्रमांक, आजार, चालू औषधे, दिसलेली लक्षणे आणि नेमकी मागणी लिहावी. अर्ज हाती दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. ती मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. तोंडी विनवणी बहुधा फाटकावरच विरून जाते, पोच घेतलेला कागद मात्र उत्तर मागतो.

कारागृहातील दवाखान्यात होऊ न शकणारे उपचार शासकीय रुग्णालयात करावे लागतात. येरवड्याच्या बंदिवानांसाठी ते ससून सर्वोपचार रुग्णालय होय. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात : वैद्यकीय अधिकाऱ्याची शिफारस आणि नेण्या-आणण्यासाठी पोलीस गार्ड. पुष्कळदा शिफारस होते, पण गार्ड नसल्याने तारीख हुकते. तेव्हा, शिफारस कोणत्या तारखेला झाली आणि गार्डची मागणी केव्हा केली, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर न आल्यास खटला चालू असलेल्या न्यायालयात अर्ज करून वैद्यकीय अहवाल मागविण्याची आणि गार्ड पुरविण्याचे निर्देश देण्याची विनंती करता येते. स्वखर्चाने खासगी रुग्णालयात उपचार घेण्याची परवानगीही न्यायालयाकडेच मागावी लागते.

माहितीचा अधिकार कायदा, २००५ हेही एक साधन आहे. व्यक्तीच्या जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद त्यात आहे. मात्र वैद्यकीय माहिती खासगी असल्याने अर्जासोबत बंदिवानाचे सहीचे संमतीपत्र जोडावे. मनोविकाराच्या बाबतीतही लाज धरू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मनोरुग्ण बंदिवानांच्या उपचारांची स्वतंत्र तरतूद आहे.

आजार गंभीर असेल तर वैद्यकीय कारणासाठी जामीन मागता येतो. आजारी किंवा दुर्बल व्यक्तीला जामीन देताना विशेष विचार करण्यास संहितेच्या ४८० व्या कलमात वाव आहे. खालच्या न्यायालयात दाद न लागल्यास उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार करता येते. मात्र तेथे केवळ तक्रार करून न्यायालयातील अर्ज लांबणीवर टाकू नये.

या सर्व प्रवासात दोन मोह टाळले पाहिजेत. चोरून औषधे आत पाठवू नयेत. त्यात रुग्णाला धोका आणि खटल्याला अपाय आहे. आणि आजार वाढवून सांगू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये ससूनमध्ये उपचारांसाठी ठेवलेला एक आरोपी तेथून पसार झाला आणि राज्यभर गदारोळ उडाला. अशा घटनांनंतर खऱ्या रुग्णाकडेही संशयाने पाहिले जाते. म्हणून आपल्या अर्जातील प्रत्येक वाक्याला कागदाचा आधार असावा.

धर्मग्रामाने काय करावे?

फादर स्टॅन व्रतस्थ होते. त्यांच्यासाठी धावपळ करणारे पत्नी-मुले नव्हती. ती धावपळ त्यांच्या येशूसंघीय बंधूंनी आणि वकिलांनी केली. नातेवाईक म्हणजे केवळ रक्ताचा, असे नाही, हे त्यातून दिसले. बंदिवानाला दिलेली भेट मलाच दिलेली भेट होय, असे प्रभू येशूने सांगितले आहे. त्या भेटीचा अर्थ आजच्या काळात थोडा विस्तृत करून पाहावा, असे आम्हांला वाटते.

आपल्या धर्मग्रामात असे एखादे कुटुंब असेल तर त्याने काय केले असेल, याची चर्चा मिस्सानंतर आवारात करण्याऐवजी त्याच्या घरी जावे. धर्मग्रामातील एखाद्या परिचारिकेने केसपेपर लावून द्यावेत. एखाद्या निवृत्त लिपिकाने अर्ज लिहून द्यावा. ज्याला सवड आहे त्याने त्या माऊलीबरोबर शिवाजीनगरच्या न्यायालयात एक फेरी मारावी. एकटीने त्या इमारतीत शिरताना तिचे पाय अडखळत असतील. कपाटातील केसपेपर येरवड्याला वेळेत पोहोचला, तर त्या घरचा माणूस खटल्याच्या निकालाच्या दिवशी स्वतःच्या पायांवर उभा राहून निकाल ऐकू शकेल.