‘अनावश्यक’ ठरलेलं विधेयक

कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘एसबी ४०३’ या विधेयकावर सही करायला नकार दिला. जातीवरून होणारा भेदभाव कायद्यात नाव घेऊन निषिद्ध ठरवणारं हे विधेयक सिनेटर आयेशा वहाब यांनी मांडलं होतं आणि दोन्ही सभागृहांनी ते मोठ्या बहुमताने मंजूर केलं होतं. तिथे सही नाकारताना गव्हर्नरला आपले आक्षेप लेखी कळवावे लागतात. दोन तृतीयांश मतांनी विधिमंडळ हा नकार मोडून काढू शकतं, पण गेल्या चाळीस वर्षांत तसं घडलेलं नाही. म्हणजे गव्हर्नरने लिहिलेलं कारण हाच व्यवहारात शेवटचा शब्द असतो आणि म्हणून ते नीट तपासायला हवं. न्यूसम यांचं कारण थोडक्यात असं : वंश, वर्ण, धर्म, कुलपरंपरा अशा आधारांवरच्या भेदभावाला राज्यात आधीच बंदी आहे, त्या तरतुदींचा अर्थ उदारपणे लावावा असंही कायदा सांगतो, त्यात जात येतेच, तेव्हा हे विधेयक अनावश्यक आहे.

हे कारण पोकळ नाही. जात जन्माने चिकटते, त्यामुळे ती कुलपरंपरेत बसते असं म्हणता येतं. राज्याच्याच नागरी हक्क विभागाने २०२० मध्ये सिस्को कंपनीविरुद्ध खटला भरला तो याच जुन्या तरतुदींच्या आधारे. पण त्या खटल्याचे कागद वाचले की गव्हर्नरांचा युक्तिवाद डळमळू लागतो. एका दलित अभियंत्याची जात वरिष्ठाने सहकाऱ्यांपुढे उघड केली, त्याने तक्रार केली तेव्हा जातिभेद बेकायदेशीर नाही असा निष्कर्ष कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने काढला, असा नागरी हक्क विभागाचा आरोप होता. पुढे कोर्टातही, कायद्याने संरक्षण दिलेल्या वर्गांत जात येतच नाही, अशी बाजू कंपनीने मांडली. गव्हर्नर जे उघड आहे म्हणतात, त्यावरच त्यांच्या राज्यात वाद चालू होता. आपल्यावर अन्याय झाला हे सांगण्याआधी कायदा आपल्याला लागू आहे हेच सिद्ध करत बसण्याची पाळी तक्रारदारावर यावी, हे न्यायाचं नाही.

शिवाय आधीच निषिद्ध असलेली गोष्ट कायद्यात स्पष्ट लिहिणं न्यूसम यांना नेहमीच अनावश्यक वाटलेलं नाही. वंशभेदाला बंदी होतीच. तरी कृष्णवर्णीयांच्या केसांचा पोत आणि केशरचना यांवरून होणारा भेदभावही त्यातच येतो, असं सांगणाऱ्या ‘क्राउन’ कायद्यावर त्यांनी २०१९ मध्ये सही केली. आणि ती योग्यच होती! ‘एसबी ४०३’ दुरुस्तीनंतर नेमकं हेच करत होतं : जात हा स्वतंत्र वर्ग न करता कुलपरंपरेच्या व्याख्येत तिचा उल्लेख.

विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की यामुळे भारतीय, विशेषतः हिंदू, समाजाकडे संशयाने पाहिलं जाईल. स्थलांतरितांना अशी भीती वाटणं समजण्यासारखं आहे. मात्र विधेयकात कोणत्याही धर्माचं किंवा देशाचं नाव घेऊन त्याला लक्ष्य केलेलं नव्हतं. व्याख्या वारशाने येणाऱ्या सामाजिक दर्जाची होती. सिस्को प्रकरणात दोन अभियंत्यांवरचे वैयक्तिक आरोप २०२३ मध्ये मागे घेतले गेले, याकडेही विरोधक बोट दाखवतात. त्यातून दिसतं ते इतकंच, की आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. हा बाहेरच्यांचा कट होता असंही म्हटलं जातं, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाविरुद्ध ठराव नव्हे, कायदाच केला. तो मांडणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. जिथून जात तिकडे गेली, तिथूनच तिचा विरोधही गेला आहे. त्यामुळे हा एका समाजाविरुद्ध बाहेरच्यांनी रचलेला कट होता, हे म्हणणं टिकत नाही.

जातिभेद आधीच बेकायदेशीर आहे, हे गव्हर्नरांनी सहीनिशी लिहून दिलं आहे. पण नकाराचं पत्र म्हणजे कायदा नव्हे, न्यायाधीशावर ते बंधनकारक नाही. शब्दाला जागायचं असेल तर राज्याने हेच वाक्य आपल्या नियमावलीत आणि प्रत्येक कंपनीला पाठवायच्या सूचनांत छापावं.