विनाशिका आणि गलबत

कल्याणच्या दुर्गाडीपाशी, खाडीकाठी, नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही वेगवान गस्तनौका स्मारक म्हणून आणली आहे. तिला पाहून “एवढीशीच?” असे एखाद्याला वाटेल. पण त्या ‘एवढीशी’तच खरी गंमत आहे.

आजची विनाशिका अजस्र असते, परंतु तिचा जन्म लहान होड्यांच्या भांडणातून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉर्पेडो आला आणि चिमुकली होडीही पोलादी महानौकेच्या जिवावर उठू शकेल, अशी धास्ती आरमारांना बसली. या होड्यांना हुसकावण्यासाठी त्यांच्याहून थोडी मोठी, वेगवान अशी नौका काढली गेली, तीच विनाशिका. रशियन लोक तिला ‘मिनोनोसेत्स’, म्हणजे सुरुंग वाहणारी, म्हणत. टॉर्पेडो हा त्यांच्या लेखी स्वतः पोहत जाणारा सुरुंगच होता. ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री पोर्ट आर्थर बंदरात जपानी विनाशिकांनी रशियाच्या तीन मोठ्या नौका जायबंदी केल्या आणि धास्ती खरी ठरली.

पुढच्याच महिन्यात ‘स्तेरेगुश्ची’ ही रशियन विनाशिका जपान्यांच्या कचाट्यात सापडून बुडाली. तिच्यावरचे चौघेच वाचले. १९११ मध्ये सेंट पीटर्सबर्गला तिचे स्मारक उभे राहिले: नौका शत्रूच्या हाती पडू नये म्हणून दोन खलाशी झडप उघडून समुद्र आत घेत आहेत. प्रत्यक्षात असे काही घडले नव्हते. जपान्यांनी ती दोराने ओढून न्यायला घेतली होती; चाळण झालेली नौका वाटेतच बुडाली. हरलेल्या देशाला ते दोन खलाशी हवे होते, एवढेच. त्याच देशाने मग लोकवर्गणीतून ‘नोविक’ बांधली. १९१३ च्या चाचणीत तिने ताशी ३७ सागरी मैलांचा वेग गाठला.

आता पुन्हा आपल्या खाडीकडे. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. मागे सागवानाचे जंगल, पुढे उल्हासचे पाणी. जहाजे बांधायला याहून चांगली जागा कोणती? अडचण एकच होती. उल्हासचे पाणी एका वाटेने वसईकडे जाते, दुसऱ्या वाटेने ठाण्याकडे, आणि दोन्हीकडे पोर्तुगीज बसलेले. त्यांच्या परवान्याशिवाय, म्हणजे ‘कार्ताझ’शिवाय, समुद्रात फिरणारे जहाज ते पकडत. अशा उंबरठ्यावर बाळगायचे जहाज लहान, उथळ पाण्यात चालणारे आणि चपळच हवे.

गलबताचे नेमके वर्णन अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकार ऑर्मने केले आहे. ते आंगऱ्यांच्या काळातले. तरी जात तीच. गलबत सहसा सत्तर टनांच्या आत. दोन डोलकाठ्या, चाळीस-पन्नास वल्ही, सहा-आठ छोट्या तोफा. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची. तिच्या नाळेकडच्या तोफा पुढे रोखलेल्या. वारा पडला की गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून सोडत, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोहोचत नसत. पाठलाग झालाच, तर खाडीत शिरायचे. ओहोटीला खोल तळाचे जहाज तिथे चिखलात रुतणार, गलबत निघून जाणार. मोठ्या जहाजाचा अवजडपणाच त्याच्यावर उलटवायचा, हे विनाशिकेचे गणित इथे वाफेच्या यंत्राविना मांडलेले दिसते.

या कामावर रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. १६५९ मध्ये वसईच्या कॅप्टनने त्याचे मन वळवले आणि ही मंडळी काम अर्धवट टाकून निघून गेली. आपल्या आरमाराच्या कथांमध्ये हा प्रसंग सहसा घाईत उरकला जातो. पडती बाजू सांगायला कोणाला आवडते? माझ्या मते तोच रेंगाळण्याजोगा आहे. कारण फेब्रुवारी १६६५ मध्ये बसरूरच्या स्वारीला मालवणहून जो ताफा निघाला, त्यात तीन मोठी जहाजे आणि ८५ लहान लढाऊ नौका होत्या. व्हिएगशला जाऊन तोवर सहा वर्षे होत आली होती.