पीएचडीच्या अभ्यासालाही सुट्टीची घंटा हवी

फेब्रुवारी-मार्च उजाडला की दवाखान्यात परीक्षेचे पेशंट सुरू होतात. कुणाचे पोट दुखते, कुणाला जुलाब होतात, कुणाला ऐन पेपरच्या आदल्या रात्री ताप भरतो. पेपर संपले की आजारही संपतो. हा ताण आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. आज मात्र ज्यांच्या परीक्षेला वेळापत्रकच नसते अशा विद्यार्थ्यांविषयी लिहायचे आहे. हे विद्यार्थी म्हणजे पीएचडी करणारी आपल्याच घरातील मुले-मुली.

वसई-विरारमध्ये असे विद्यार्थी कितीसे असणार, असे कुणाला वाटेल. पण आजूबाजूला पाहा. इथल्या महाविद्यालयांत शिकवणारे अनेक तरुण प्राध्यापक शिकवता शिकवता प्रबंध लिहीत आहेत. कुणी कलिन्याला विद्यापीठात जातो, कुणी मुंबईतील एखाद्या प्रयोगशाळेत. विरार लोकलच्या गर्दीत पाठीवरची सॅक पोटाशी धरून उभा असलेला तिशीचा तरुण नोकरीलाच निघाला असेल असे नाही.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडिलांची केळीची वाडी, घरात एवढे शिकलेली ही पहिलीच. सकाळी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचे, दुपारी गाडी पकडून ग्रंथालय गाठायचे आणि रात्री घरी येऊन लिहायला बसायचे, असा तिचा चार वर्षांचा क्रम. तक्रार होती छातीत जळजळ आणि धडधड. मी तपासले, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, तिखट-तेलकट कमी कर म्हणून सांगितले. महिन्याने ती पुन्हा आली. आता डोके दुखत होते, झोप लागत नव्हती. रक्तदाब ठीक, कार्डिओग्राम ठीक. बाहेर पेशंटची रांग होती. मी डोकेदुखीची गोळी लिहून दिली.

तिसऱ्या वेळी आई सोबत आली. म्हणाली, "डॉक्टर, हिला काहीतरी ताकदीचं लिहून द्या. धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा चालू असतो, आणि विचारलं तर म्हणते, आज काहीच लिहून झालं नाही."

आईला बाहेर बसायला सांगून मी विचारले, "काय गं, नेमकं काय होतंय?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरकाका, सकाळी जाग येऊच नये असं वाटतं."

वाचकहो, जो प्रश्न मी तिसऱ्या भेटीत विचारला, तो पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. दोन महिने मी तिच्या पोटावर आणि डोक्यावर औषध देत राहिलो. म्हणून हा लेख.

शेवट नसलेली परीक्षा

शाळेच्या परीक्षेत तीन तासांनी घंटा होते. पेपर कसाही गेलेला असो, लिहिणे थांबवावेच लागते. नोकरीतही संध्याकाळी टेबल आवरता येते. पीएचडीत ही घंटाच नसते. किती वाचले म्हणजे पुरे हे ठरलेले नसते. लिहिलेले प्रकरण गाईडकडून दोन दिवसांत येईल की तीन महिन्यांनी, हे सांगता येत नाही. त्यामुळे विद्यार्थी जेवताना, प्रवासात, लग्नकार्यातही मनाने प्रबंधातच असतो. अभ्यास करत नसेल तेव्हा आपण वेळ वाया घालवतो आहोत अशी टोचणी लागते. धड काम होत नाही आणि धड विश्रांतीही मिळत नाही. माझ्या मते या ताणाचे मूळ इथेच आहे.

शरीराच्या भाषेत सांगायचे तर असे. फलाटावर शिरताना गाडी सुटते आहे असे दिसले की आपण धावतो. अ‍ॅड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, पोटात गोळा येतो. गाडी मिळाली की दहा-पंधरा मिनिटांत सारे शांत होते. हा ताण वाईट नाही, त्यानेच गाडी मिळते. पण कुणी चार वर्षे फलाटावर धावतच राहिला तर? मग झोप उडते, पोट बिघडते, मान-पाठ आखडते, मुलींची पाळी अनियमित होते, चिडचिड वाढते, वाचलेले डोक्यात राहत नाही. वाचलेले राहत नाही म्हणून विद्यार्थी आणखी जागतो आणि चक्र वाढतच जाते.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. २०१८ साली एका पाहणीत २६ देशांतील २,२७९ संशोधक विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरून दिली. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत त्यांच्यात चिंता व नैराश्याचे प्रमाण सुमारे सहा पट आढळले. ज्यांना त्रास होता त्यांनीच ती अधिक उत्साहाने भरली असणार, हे लक्षात घेऊन आकडा थोडा सावधपणे वाचावा. तरीही हा दोष एकट्या आपल्या स्वभावाचा नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

रोजच्या रोज काय करावे?

१) दिवसाला शेवट ठरवा. आमच्या या मुलीने माझ्यासमोर बसून एक नियम केला. परतीच्या गाडीने खाडीचा पूल ओलांडला की प्रबंध पलीकडे राहिला. त्यानंतर घरी वही उघडायची नाही. लिहायचे ते पहाटे, ठरलेला पाऊण तास, डोके ताजे असताना. ज्याला पहाट जमत नाही त्याने दुसरी वेळ ठरवावी, पण सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरवावे.

२) वही मिटण्यापूर्वी दोन ओळी लिहा. आज काय झाले आणि उद्या पहिले काम कोणते. "प्रकरण तिसरे पूर्ण करणे" असे लिहू नये, ते काम एका दिवसाचे नव्हे. "दोन परिच्छेद लिहिणे", "पाच संदर्भ तपासणे" असे लिहावे. संध्याकाळी खूण करण्याजोगे काम असले की मनाला हिशेब मिळतो.

३) झोप सात तासांची हवी. रात्रीचे जागरण हे मेहनतीचे प्रमाणपत्र नाही. दिवसभरात वाचलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. दुपारी चारनंतर चहा-कॉफी टाळावी. मोबाइल उशाशी ठेवू नये.

४) डबा चुकवू नका. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव आणि रात्री दहाला एकदम भरपेट जेवण, हा क्रम अ‍ॅसिडिटीला आमंत्रण आहे. मूठभर शेंगदाणे-गूळ, दोन केळी सॅकमध्ये असू द्या. वसईकराला केळी मिळत नाहीत ही सबब चालणार नाही.

५) अर्धा तास चाला. वसईत सुरुचीचा किनारा आहे, गावोगावी तळी आहेत. व्यायामशाळेची फी भरण्याची गरज नाही. सलग बसून वाचत असाल तर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा आणि तासाला एकदा उठून उभे राहा.

६) आठवड्याचा एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. त्या दिवशी कुणी "आज अभ्यास नाही का?" असे विचारले तरी अपराधी वाटून घेऊ नका.

७) सोबत शोधा. एकाच वाटेवरचे दोघे-तिघे आठवड्यातून एकदा भेटले, आपापली रडगाणी गायली आणि चहा घेऊन उठले, तरी निम्मा भार हलका होतो.

नियम माहीत असू द्या

पुष्कळशी भीती अज्ञानातून येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीसाठी किमान तीन व कमाल सहा वर्षे धरली आहेत. त्यानंतर पुनर्नोंदणी करून दोन वर्षे वाढवून मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. प्रत्येक सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. गाईडशी गाडे अडले असेल तर अडचण बोलण्याची ती रीतसर जागा आहे. गाईडशी झालेल्या प्रत्येक भेटीनंतर काय ठरले ते दोन ओळींत लिहून त्यांना पाठवावे. त्याने गैरसमजही टळतात आणि रात्रीची तळमळही.

पैशाचा ताणही खरा आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, पण ती सर्वांनाच मिळत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांनीही संशोधकांना अधिछात्रवृत्ती दिल्या आहेत. आपण कुठे बसतो याची चौकशी जरूर करावी. मात्र येणारी रक्कम वेळेवरच येईल असे धरून कर्ज काढू नये.

घरच्यांसाठी दोन शब्द

"अजून संपलं नाही?", "लग्नाचं वय निघून चाललं", "एवढं शिकून काय दिवे लावणार?" हे प्रश्न प्रेमापोटी विचारले जातात हे मान्य. पण उत्तर देणाऱ्याकडे उत्तर नसते, म्हणून ते जखमेवर लागतात. त्याऐवजी "आज कुठवर आलं?" किंवा नुसते "चल, जेवायला बस" म्हणावे. समाजात "अमक्याचा मुलगा बघा" हे उदाहरण देऊ नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे उदाहरण आपण मुलांना नेहमी देतो. त्यांच्या चरित्रातील दुसरी बाजूही सांगावी. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांची पुस्तके घेऊन येणारी बोट महायुद्धात बुडवली गेली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, त्यात शाहू महाराजांचे व मित्र नवल भथेना यांचे साहाय्य मिळाले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तो पुन्हा लिहून दिल्यावर त्याच वर्षी मान्य झाला. खंड, उसनवार, मित्राचा आधार आणि परत आलेला प्रबंध, हे सारे एवढ्या थोर विद्वानाच्याही वाट्याला आले. मग आपले एक प्रकरण लाल शाईने भरून परत आले तर त्यात लाज कसली?

डॉक्टरकडे केव्हा यावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असणे, आवडत्या गोष्टीत रस न वाटणे, झोप किंवा भूक फार कमी-जास्त होणे, विनाकारण रडू येणे, वजन उतरणे, अशा वेळी थांबू नये. सारे मनाचेच आहे असेही मानू नये. थायरॉइडचा दोष, रक्तातील हिमोग्लोबिन वा बी-१२ ची कमतरता यांनीही थकवा आणि उदासी येते. आमच्या मुलीचे हिमोग्लोबिन साडेनऊच निघाले. झोपेच्या गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. त्यांची सवय लागते.

आणि जगू नये असा विचार मनात आला, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. घरच्यांच्या कानी असे शब्द पडले तर "असं अभद्र बोलू नये" म्हणून गप्प बसवू नका. शेजारी बसा, विचारा, ऐका, एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन या. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलणाऱ्याला मोकळे होता येते.

त्या दिवशी मी तिला तसेच स्पष्ट विचारले, तिच्या संमतीने आईला आत बोलावले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. आई दारातच म्हणाली, "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?" मी म्हटले, "ताई, दात दुखला की दाताच्या डॉक्टरकडे जातो ना? तसंच हे." त्या गेल्या. सहा महिने औषध चालले, बोलणे चालले.

परवा ती आली होती, वडिलांची मधुमेहाची चिठ्ठी घेऊन. प्रबंध अजून सादर झालेला नाही, दोन प्रकरणे बाकी आहेत. पण झोप लागते म्हणाली. निघताना मी विचारले, "पुलाचा नियम पाळतेस का?" हसून म्हणाली, "डॉक्टरकाका, कधी कधी भाईंदरलाच पाळते."