अवघड खेळ आणि सखोल खेळ

मारधाडीचे व्हिडिओ गेम म्हटले की भराभर बटणे दाबणारी बोटे आणि पडद्यावर कोसळणारे शत्रू, एवढेच चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. असा खेळ अवघड करायचा तर शत्रूची ताकद वाढवली की झाले, असाही समज आढळतो. प्रत्यक्षात काठिण्य आणि लढतीतील सखोलता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाच वारांत मरणाऱ्या शत्रूला पन्नास वार लागू लागले, तर खेळ लांबतो. खेळाडूला नवा विचार करावा लागतोच असे नाही. सखोलता असते ती निवडीत. कोणता वार करावा, केव्हा आणि किती अंतरावरून करावा, तो हुकल्यास काय गमवावे लागेल, हे प्रश्न क्षणोक्षणी पडले पाहिजेत.

या प्रकाराला वळण देणारा गेम म्हणजे जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘डेव्हिल मे क्राय’ (२००१). हिदेकी कामिया यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रेसिडेंट एव्हिल’ मालिकेचा पुढचा भाग म्हणून सुरू झालेले हे काम पुढे स्वतंत्र गेम बनले. शत्रूला हवेत उडवून तेथेच वार करत राहण्याची कल्पना त्याच कंपनीच्या ‘ओनिमुशा’मधील एका तांत्रिक दोषावरून सुचली होती. येथे लढतीतील कौशल्याला श्रेणी मिळते. शत्रूला कसेबसे मारता येते. परंतु वरची श्रेणी हवी असेल, तर तलवार आणि पिस्तूल यांचा विविधतेने वापर करावा लागतो.

टेक्मो कंपनीच्या ‘निन्जा गायडेन’ने (२००४) निराळी वाट धरली. तोमोनोबू इतागाकी यांच्या या गेममधील शत्रू आपली पाळी येण्याची वाट पाहत नाहीत. ते वार अडवतात आणि सतत ढाल धरून बसणाऱ्या खेळाडूला पकडून आपटतात. २००५ च्या ‘ब्लॅक’ आवृत्तीत वरच्या पातळ्यांवर शत्रूंचे प्रकार आणि त्यांच्या जागाही बदलल्या. जुनी सवय मोडणे भाग पडते, ते यामुळे. वारंवार हरणाऱ्यांसाठी त्याच आवृत्तीत एक सोपी पातळीही देण्यात आली.

काठिण्याचा तोल चुकला तर काय होते, हे ‘डेव्हिल मे क्राय ३’ने (२००५) दाखवले. त्याच्या अमेरिकी आवृत्तीतील ‘नॉर्मल’ पातळी म्हणजे जपानी आवृत्तीतील ‘हार्ड’ होती. लढतीची रचना तीच; मात्र ती शिकण्याआधीच अनेकजण हतबल झाले. २००६ च्या विशेष आवृत्तीत ही चूक सुधारण्यात आली.

हिदेताका मियाझाकी यांच्या ‘सेकिरो’मध्ये (२०१९) तर पातळी निवडण्याची सोयच नाही. शत्रूचा वार नेमक्या क्षणी तलवारीवर झेलला की त्याचा तोल ढळत जातो, आणि तो पुरता ढळला की एकच घाव पुरतो. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये हा सर्वोत्तम गेम ठरला. तथापि, ज्यांचे हात तितके चपळ नाहीत किंवा ज्यांना अपंगत्व आहे, त्यांनी काय करावे, हा वादही त्याच्यासोबत पेटला. ‘सेलेस्ट’ (२०१८) या उड्या मारण्याच्या गेमने वेग कमी करण्याची मुभा देऊन त्याला एक उत्तर आधीच दिले होते.

गेमची खरी कसोटी पराभवानंतरच्या क्षणी लागते. आपण कोठे चुकलो हे खेळाडूला उमगले, तर तो पुन्हा हात आजमावतो. ते उमगलेच नाही, तर त्या काठिण्यातून उरतो केवळ मनस्ताप.