पेन्सिलीची रेघ आणि कुलूपबंद कोअर

2000 सालच्या जूनमध्ये एएमडी कंपनीने ‘ड्युरॉन’ नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. 600, 650 आणि 700 मेगाहर्ट्झ असे त्याचे वेग होते. थोड्याच काळात हौशी मंडळींच्या लक्षात आले, की 600चा ड्युरॉन अनेकदा 900पर्यंत सहज जातो. त्यासाठी बरोबरीला चांगला मदरबोर्ड हवा, दमदार पंखा हवा आणि हवी एक साधी शिसपेन्सिल.

पेन्सिलीचे काम समजायला हवे. प्रोसेसरचा वेग म्हणजे मदरबोर्डचा मूळ ठोका गुणिले एक ठरीव आकडा. हा आकडा म्हणजे मल्टिप्लायर. 600च्या ड्युरॉनमध्ये तो 6 होता: 100 गुणिले 6. त्या काळच्या ड्युरॉनवर आणि त्याचा थोरला भाऊ असलेल्या ‘थंडरबर्ड’ अ‍ॅथलॉनवर धातूचे झाकण नसे. सिरॅमिकच्या चौकोनी तुकड्यावर मधोमध उघडी चिप आणि तिच्या भोवती सोनेरी ठिपक्यांच्या बारीक जोड्या. त्यांतल्या ‘एल-1’ गटाच्या जोड्या जुळलेल्या असल्या, की मल्टिप्लायर मदरबोर्डवरून बदलता येई. कारखान्यात लेझरने या जोड्यांमधले पूल तोडून मल्टिप्लायरला कुलूप लावले जाई. ग्राफाइटमधून वीज वाहते. तुटलेल्या पुलावर पेन्सिल घट्ट गिरवली, की कुलूप उघडे. फक्त शेजारच्या जोडीला रेघ लागू द्यायची नाही. चुकलेच तर खोडरबर होताच!

मुळात कंपनीने चांगला माल हलक्या नावाने का विकावा? कारण प्रतवारी. एकाच वेफरवरच्या (सिलिकॉनच्या चकतीवरच्या) सगळ्या चिप सारख्या निघत नाहीत. चाचणीत जी जितकी तग धरते, तिच्यावर तितका वेग छापला जातो. पण उत्पादनाची घडी बसली, की बहुतेक चिप वरच्या प्रतीच्या निघू लागतात आणि गिऱ्हाईक मात्र स्वस्तच मागत असते. मग चांगली चिपही खालच्या खोक्यात जाते. कुलपाला आणखी एक कारण होते. काही व्यापारी चिपवरचा आकडा खोडून मोठा आकडा छापत आणि जास्त दाम उकळत.

चांगली चिप अशी अडवून ठेवण्याची मुळे आणखी मागे जातात. 1991मध्ये इंटेलने 486एसएक्स काढला. तो म्हणजे दशांशाची गणिते करणारा भाग बंद ठेवलेला 486. तो भाग हवा असल्यास 487एसएक्स विकत घ्या, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात 487 हा जवळपास अख्खा 486डीएक्सच होता. तो बसवला, की आधीचा प्रोसेसर गप्प बसे.

ऑक्टोबर 2001मध्ये अ‍ॅथलॉन एक्सपी आला आणि पेन्सिल निरुपयोगी ठरली. आता लेझर पुलाच्या जागी खड्डाच पाडत होता आणि खड्ड्याच्या तळाशी तांबे उघडे पडत होते. तिथे ग्राफाइट टेकले तर जोड होण्याऐवजी शॉर्ट होण्याची भीती. कारागिरांनी नवी रीत काढली. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावायची, खड्डा सुपरग्लूने भरायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि मग सुईच्या टोकाने वर चांदीच्या वाहक रंगाची रेघ ओढायची. भिंगाशिवाय हे काम होत नसे.

नुकसानही व्हायचे. हीटसिंक बसवताना जोर तिरका पडला, तर उघड्या चिपच्या कोपऱ्याचा टवका उडून ती निकामी होई. हीटसिंक नसताना थंडरबर्ड चालू केला, तर काही सेकंदांत जळून जाई.

2009मध्ये हाच खेळ हत्याराविना सुरू झाला. एएमडीच्या ‘फेनम-2 एक्स-2 550’मध्ये दोन कोअर (गणना करणारे स्वतंत्र भाग) चालू असत, पण आतली चिप चार कोअरची होती. काही मदरबोर्डच्या बायॉसमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन’ नावाची सोय होती. ती ‘ऑटो’वर ठेवली, की काही प्रोसेसरांचे झोपलेले कोअर जागे होत आणि पडद्यावर नाव झळके ‘फेनम-2 एक्स-4 बी50’. दोनाच्या पैशांत चार! मात्र बंद कोअर खरोखरच सदोष असेल, तर संगणक सुरूच होत नसे किंवा ऐन कामात कोसळे. कोअर उघडले, की तापमानाचे आकडेही अनेकदा चुकीचे दिसत. म्हणून जाणकार तासन्‌तास ‘प्राइम95’ हा ताण देणारा प्रोग्रॅम चालवून प्रोसेसरचा कस पाहत आणि मगच त्यावर भरवसा ठेवत.

2010मध्ये इंटेलने हेच कुलूप उघडण्याची किंमत लावून पाहिली. पेन्टियम जी6951मधली बंद कॅश आणि हायपर-थ्रेडिंग 50 डॉलरच्या कार्डावरच्या कोडने सुरू करता येई. विकत घेतलेल्या वस्तूतला भाग वापरायला पुन्हा पैसे मोजायचे, हे ग्राहकांना रुचले नाही आणि पुढच्याच वर्षी योजना गुंडाळली गेली.

आज प्रोसेसर उष्णता आणि वीज पाहून आपला वेग आपणच वाढवतात, त्यामुळे हौशी हातांना फारसे काम उरलेले नाही. तरी या कारागिरीचे ऋण मान्य करायला हवे. खोक्यावरचा आकडा म्हणजे चिपची कुवत नव्हे, हे तिने सामान्य ग्राहकाला दाखवून दिले. अडगळीत जुना फेनम-2 पडला असेल, तर बायॉस उघडून जरूर पाहा. आधी संगणकातली महत्त्वाची माहिती दुसरीकडे काढून ठेवा, आणि उघडलेला कोअर रात्रभराच्या चाचणीत टिकला नाही तर तो पुन्हा बंद करा.