केमोनंतरचा ताप : सकाळची वाट पाहू नका

गळू झालं की घरातली मोठी माणसं म्हणतात, "पिकू दे, पू निघून गेला की मोकळं वाटेल." मैत्रिणींनो, हा पू म्हणजे असतं तरी काय? जंतूंशी लढून मेलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी! त्यातल्या बहुतेकींचं नाव न्यूट्रोफिल. रक्ताच्या रिपोर्टात हा शब्द असतो, पण आपलं लक्ष हिमोग्लोबिनच्या आकड्यापुढे जातच नाही.

या पेशी हाडातल्या मज्जेत जन्मतात. त्यांच्या घराण्याला डॉक्टर 'मायलॉइड' म्हणतात. ग्रीक भाषेत मज्जेला 'मायेलॉस' म्हणतात, त्यावरून हे नाव. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीत मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला, तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झाल्या. अशा पेशी जंतूंना गिळतात हे त्यांनी मांडलं आणि १९०८ मध्ये पॉल अर्लिश यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं.

न्यूट्रोफिलचं आयुष्य अगदी थोडं. म्हणून मज्जा रोज सुमारे १० हजार कोटी नव्या पेशी बनवते. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. केस गळतात, तोंड येतं ते त्यामुळेच. मज्जेचं कामही मंदावतं आणि साधारण ७ ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल सगळ्यात खाली जातात.

कॅन्सरच्या बायकांना सोबत करताना पाहिलेली एक गोष्ट सांगते. एका मावशींना केमोनंतर नवव्या दिवशी रात्री ताप भरला. "केमो म्हटलं की ताप यायचाच," म्हणून घरच्यांनी तापाची गोळी दिली. त्याही म्हणाल्या, "कशाला कुणाची झोपमोड!" आपण बायका अशाच. सकाळी त्यांचा रक्तदाब उतरलेला. वाचल्या, पण दहा दिवस दवाखान्यात काढावे लागले.

खरी मेख इथे आहे. लढणाऱ्या पेशीच नसतील तर पू होत नाही, जखम फारशी लालही दिसत नाही. आत जंतू पसरत असतात आणि बाहेर खूण एकच, ताप. गोळीने तीही झाकली जाते. म्हणून थर्मामीटर १००.४ किंवा वर गेला, थंडी वाजली, तर मध्यरात्र असली तरी निघायचं. पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, असं तज्ज्ञ सांगतात.

रिपोर्ट असा वाचा. एकूण पांढऱ्या पेशी १,००० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे न्यूट्रोफिल फक्त ३००. एरवी ते १,५०० च्या वर हवेत, ५०० च्या खाली गेले तर धोका मोठा. काढे-चूर्णांनी हा आकडा वर येत नाही, कुणी कितीही छातीठोक सांगो. गरज वाटली तर डॉक्टर मज्जेला चालना देणारं इंजेक्शन देतात.

आपल्याकडे केमोचं हॉस्पिटल शहरात, घर तीन-चार तासांवर. तेव्हा पहिल्या केमोच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, "रात्री ताप आला तर आमच्या जवळ कुठे जायचं?" उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या, फोन नंबरासकट. ती चिठ्ठी, शेवटच्या केमोची तारीख आणि ताजा रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा. गाडीवाल्यालाही आधीच सांगून ठेवलेलं बरं.